कॉलेजातला खेळाडू एनबीएसाठी पारखताना त्याच्या उडीला किती मोल द्यावे?

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचे संघ नवे खेळाडू ज्या क्रमवार निवडीत घेतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. जून महिन्यात हा ड्राफ्ट होतो, तेव्हा तिकडे अमेरिकेत संध्याकाळ उतरलेली असते आणि इकडे भुसावळात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. रोहिणी नक्षत्र तापून गेलेले असते, मृगाचा पाऊस कधी लागलेला असतो तर कधी नुसताच आभाळात अडकलेला असतो, आणि रात्रभर गच्चीवर झोपूनही अंगातली काहिली गेलेली नसते. अशा वेळी चहाचा कप घेऊन मी मोबाइलसमोर बसतो आणि एकेक नाव पुकारले जाताना ऐकतो. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली आहेत. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मलाही चाळीस-पन्नास मुलांतून बारा निवडायची असतात, त्यामुळे तिकडच्या निवडीकडे मी निव्वळ प्रेक्षक म्हणून पाहू शकत नाही.

यंदाच्या ड्राफ्टनंतर दोन दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो आता जळगावच्या एका महाविद्यालयाकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो. त्याने मोबाइलवर कीऑन जॉन्सन या खेळाडूच्या उडीची चित्रफीत दाखवली आणि विचारले, “सर, हा मुलगा जागतिक दर्जाची उडी मारतो, मग २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तो एकविसावा कसा गेला? पहिल्या पाचात का नाही?” मी त्याला तेव्हा जे सांगितले ते तुटक होते, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे असे आहे की अंगची क्षमता फार मोलाची असते, पण आपण ज्या चाचण्यांनी ती मोजतो त्या तिचा सर्वांत कमी उपयोगी भाग मोजतात. खेळाडूची उडी किती उंच आहे यापेक्षा समोरचे पाचही जण तितकेच चपळ असताना त्याच्या खेळातले काय शिल्लक राहील, हे ओळखणे म्हणजे खरी पारख होय.

ड्राफ्टच्या आधी मे महिन्यात शिकागोला निवडक खेळाडूंची जी चाचणी होते, तिला सगळे कम्बाइन म्हणतात. तिथे बूट काढून उंची मोजतात, दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचा पल्ला मोजतात, जागेवरून मारलेली उडी आणि धावत येऊन मारलेली उडी मोजतात, मैदानाच्या तीन चतुर्थांश लांबीची धाव घड्याळ लावून घेतात आणि रिंगखालच्या रंगीत चौकोनाभोवती पुढे, आडवे व मागे पळायला लावतात. २०२१ साली टेनेसी विद्यापीठाच्या कीऑन जॉन्सनने तिथे धावत येऊन ४८ इंचांची उडी मारली आणि कम्बाइनचा विक्रम केला. अठ्ठेचाळीस इंच म्हणजे चार फूट. आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलावरून दीड फूट अंतर ठेवून हा मुलगा पलीकडे जाईल. तरीही तो एकविसावा गेला आणि त्यानंतरच्या वर्षांत क्लिपर्स, पोर्टलँड, ब्रुकलिन असे संघ बदलत राहिला. त्याच्याआधी २०१३ साली मेम्फिस विद्यापीठाच्या डी. जे. स्टीफन्सने ४६ इंचांची उडी मारली होती. त्याला तर साठ जणांच्या त्या यादीत जागाच मिळाली नाही आणि एनबीएत त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. उलट २००७ साली केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोंचा, बार बेंचवर पडून एकदाही उचलता आला नव्हता. तरी सिएटलने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि २०१४ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ही उदाहरणे सांगितली की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, “म्हणजे शरीराला काही अर्थ नाही, सगळा खेळ डोक्याचा आहे.” हे मला मुळीच मान्य नाही. ड्युरंटला वजन उचलता आले नाही हे खरे, पण सात फुटांच्या जवळपास उंची असलेला माणूस गार्डसारखा, म्हणजे रिंगपासून दूर राहून खेळणाऱ्या चपळ खेळाडूसारखा, चेंडू खेळवत येऊन समोरच्याच्या हातावरून नेम धरतो, यापेक्षा मोठी शारीरिक देणगी कोणती असेल? चाचणी चुकली ती एवढ्यासाठी, की बास्केटबॉलमध्ये ज्या कामाची गरज क्वचित पडते ते काम तिने मोजले.

धावत येऊन मारलेल्या उडीचेही असेच आहे. सामन्यात मोकळी धाव घेऊन, दोन पावले नीट टाकून, वर बघत उडी मारण्याची संधी फार कमी वेळा येते. रिंगखाली तर ती येतच नाही. तिथे एकाची कोपरखळी बरगडीत असते, दुसऱ्याचे बूड मांडीला टेकलेले असते, आणि चेंडू बोर्डावर आपटून कुठे जाईल ते अर्धा क्षण आधी ओळखावे लागते. पहिल्या उडीत चेंडू बहुधा कुणाच्याच हाती लागत नाही, तो बोटांना लागून पुन्हा वर जातो आणि जमिनीला पाय टेकताक्षणी जो पुन्हा वर जाईल त्याच्या हाती येतो. या दुसऱ्या उडीला मी फार मानतो. ती इंचांत फार उंच नसते, पण तिच्यासाठी गुडघे फार वाकवावे लागत नाहीत, हात खाली न्यावे लागत नाहीत आणि शरीराचा तोल ढळलेला नसतो. माझ्या मुलांकडून मी बोर्डावर चेंडू टॅप करण्याचा सराव करून घेतो, तेव्हा पहिली उडी सर्वांत उंच मारणारा मुलगा सातव्या-आठव्या उडीला मागे पडलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

आता कॉलेजच्या खेळाचा आणि एनबीएच्या खेळाचा फरक पाहिला पाहिजे, कारण ड्राफ्टचा सगळा पेच त्या फरकात आहे. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा असतो, एनबीएचा ४८ मिनिटांचा. कॉलेजचा संघ मोसमात साधारण तीस-पस्तीस सामने खेळतो, एनबीएचा संघ ८२ सामने खेळतो आणि पुढची बाद फेरी वेगळी. कॉलेजात बास्केटवर फेक करायला ३० सेकंद मिळतात, तिथे २४. तीन गुणांची रेषा कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, तर एनबीएत कोपरे सोडले तर ती २३ फूट ९ इंचांवर आहे. पण या सगळ्यांहून महत्त्वाचा फरक डिफेन्सच्या नियमात आहे. एनबीएत २००१-०२ च्या मोसमापासून असा नियम आहे की डिफेन्स करणारा खेळाडू आपल्या हाताच्या अंतरावर कुणी प्रतिस्पर्धी नसताना रिंगखालच्या चौकोनात तीन सेकंदांहून अधिक उभा राहू शकत नाही. कॉलेजच्या खेळात हा नियम नाही. आपल्या शालेय आणि विद्यापीठ स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनी होतात, त्यांतही तो नाही.

याचा परिणाम काय होतो, ते मैदानावर उभे राहिल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. कॉलेजात सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, रिंगखाली राखणीला ठेवून बाकीच्या चौघांचा झोन लावता येतो, म्हणजे प्रत्येकाला एकेका माणसाऐवजी मैदानाचा एकेक भाग राखायला देता येतो, त्यामुळे ज्याचे पाय आडवे लवकर हलत नाहीत असा खेळाडू त्या झोनमध्ये झाकला जातो. एनबीएत मैदान मोकळे असते. हल्ला करणारे चौघे-पाचजण रेषेबाहेर पसरलेले असतात, मधली जागा रिकामी असते, आणि प्रतिस्पर्धी प्रशिक्षक स्क्रीनवर स्क्रीन लावून, म्हणजे आपला खेळाडू डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा करून, तुमच्या संघातल्या सर्वांत मंद माणसाला शोधून काढतात व चेंडू घेऊन त्याच्याच अंगावर जातात. तिथे त्याला लपवायला आडोसा नसतो. म्हणून कॉलेजात मंदपणाची जी किंमत द्यावी लागते, तिच्या कितीतरी पट ती एनबीएत द्यावी लागते, आणि कॉलेजातल्या गुणांच्या सरासरीवर डोळे झाकून विश्वास ठेवणारे संघ इथेच फसतात.

जिमर फ्रेडेट आणि स्टीफन करी यांची तुलना या बाबतीत मला सर्वांत बोलकी वाटते. करीने डेव्हिडसन या लहानशा कॉलेजकडून खेळताना २००८-०९ च्या मोसमात सामन्यामागे २८.६ गुण काढून सगळ्या देशात पहिला क्रमांक मिळवला. दोनच वर्षांनी, २०१०-११ मध्ये, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या फ्रेडेटने २८.९ गुणांसह तोच मान मिळवला. दोघेही सव्वासहा-साडेसहा फुटांच्या आतले, दोघेही लांबून फेकणारे, दोघांनाही कॉलेजात संघाचा सगळा भार एकट्याने वाहावा लागला, आणि दोघांच्याही शरीरयष्टीबद्दल परीक्षकांनी शंका घेतल्या. करी २००९ साली सातवा गेला. मिनेसोटाने त्याच्या आधी पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर दोन पॉइंट गार्ड निवडले आणि दोन्ही वेळा त्याला सोडून दिले. फ्रेडेट २०११ साली दहावा गेला. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. करी २०१५ आणि २०१६ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यात दुसऱ्या वेळी तर एकही मत विरोधात न जाता. फ्रेडेट एनबीएत टिकला नाही. नंतर त्याने चीनच्या लीगमध्ये शांघायकडून खेळताना गुणांच्या राशी ओतल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेच्या थ्री-बाय-थ्री संघातही होता, म्हणजे त्याचे कौशल्य खोटे नव्हते.

मग फरक कुठे होता? मला तो मुख्यतः दोन जागी दिसतो. पहिली जागा म्हणजे फेकीला लागणारा वेळ. फ्रेडेटला आपली फेक तयार करण्यासाठी चेंडू हातात खेळवत जागा काढावी लागे, आणि कॉलेजात ती जागा मिळे. एनबीएत प्रत्येक गार्डचे हात लांब आणि पाय जलद असल्यामुळे ती जागा अर्धी झाली. करी चेंडू हातात येण्याआधीच फेकीच्या तयारीत असे. चेंडू सोडून दिल्यावर तो उभा राहत नसे, तर एका स्क्रीनमागून दुसऱ्या स्क्रीनमागे अखंड पळत असे, आणि त्या पळण्यातून थांबून क्षणात सरळ उभा राहत असे. हे पळणे, हे थांबणे आणि धडधडत्या छातीनेही न हलणारे मनगट यांना आपण शारीरिक क्षमता का म्हणत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. दुसरी जागा डिफेन्सची. कॉलेजच्या त्या शेवटच्या मोसमात करीने सामन्यामागे अडीच वेळा समोरच्याचा चेंडू हिसकावला होता, म्हणजे अडीच स्टील केले होते, तर फ्रेडेटचे स्टील त्याच्या साधारण निम्मे होते. स्टील म्हणजे फक्त हाताची चलाखी नव्हे. समोरच्याचा पास कुठे जाणार आहे ते ओळखून त्या वाटेत आधी पोहोचण्यासाठी डोळे, डोके आणि पाय यांचे एकमत व्हावे लागते. म्हणून कॉलेजातल्या खेळाडूचे कागद माझ्या समोर आले, तर गुणांच्या आधी मी स्टील आणि ब्लॉक, म्हणजे हवेत अडवलेल्या फेकी, पाहीन, कारण पुढे टिकणारी चपळाई या दोन आकड्यांत पट्टीवरच्या उडीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे उतरते.

करीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचे घोटे सुरुवातीला इतके दुखावत, की २०११-१२ च्या मोसमात त्याला २६ सामनेच खेळता आले. त्यावर उपाय म्हणून त्याने कंबर, पुठ्ठे आणि मांड्या यांची ताकद वाढवली, म्हणजे दिशा बदलताना येणारा भार घोट्यावर न पडता वर घेतला जाईल. आज त्याला नाजूक म्हणणाऱ्यांनी त्याचे कमरेखालचे शरीर नीट पाहिलेले नसते.

थांबण्याची गोष्ट निघाली म्हणून सारंगखेड्याची आठवण सांगतो. मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मी लहानपणापासून वडिलांबरोबर तिथे जात असे आणि अजूनही जमेल तेव्हा जातो. नवखा गिऱ्हाईक घोड्याची उंची पाहतो, रंग पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो आणि घोडा दोन पायांवर उभा राहिला की खिशात हात घालतो. एका वर्षी शहाद्याकडचे एक म्हातारे आप्पा माझ्याशेजारी उभे होते. घोडेस्वार घोडा पळवत गेला आणि आला, लोकांनी वाहवा केली, पण आप्पा तिकडे न बघता खाली बघत होते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, घोडा पयस तव्हय नही, थांबस तव्हय देखो.” पळत येणारा घोडा लगाम खेचल्यावर पुढचे पाय कसे रोवतो, मागचे पुठ्ठे खाली घेतो की सगळा भार पुढच्या गुडघ्यांवर टाकतो, यावरून तो किती वर्षे चालेल ते त्यांना कळत होते. त्यानंतर खेळाडू पाहण्याची माझी रीत बदलली, हे मी मोकळेपणाने सांगतो.

जेलन ब्रन्सन खेळताना मला ते आप्पा आठवतात. विलानोव्हा विद्यापीठाला त्याने २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि २०१८ साली तो कॉलेजचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी ड्राफ्टमध्ये तो ३३ वा गेला, कारण उंची सव्वासहा फुटांच्या आत, उडी बेताची आणि वेग डोळ्यांत भरणारा नव्हे. तोच पुढे न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार झाला. तो समोरच्याला वेगाने मागे टाकत नाही. तो पूर्ण वेगात जाऊन एकदम थांबतो, समोरचा दोन पावले पुढे निघून जातो आणि ब्रन्सन तिथेच एका पायावर वळून फेकतो. काईल अँडरसनला तर ‘स्लो-मो’ असेच टोपणनाव मिळाले होते. २०१४ साली तो तिसावा गेला आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ एनबीएत खेळला, कारण हातांचा पल्ला सात फुटांहून अधिक होता आणि पुढचा पास त्याला आधी दिसत असे. मिशिगन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन २०१२ साली ३५ वा गेला आणि २०१७ साली लीगचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला. सेंटरच्या मानाने तो बुटका आहे, पण त्याचे हात लांब, बूड खाली आणि मन समोरच्याच्या एक चाल पुढे असते. या तिघांकडे उडी नाही, तरी प्रत्येकाकडे शरीराची अशी एक तरी गोष्ट आहे, जिच्यावाचून त्यांची बुद्धी मैदानावर उतरली नसती. पारखणाऱ्याने ती गोष्ट शोधायची असते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल लिहितो, कारण हे सगळे मी पुस्तकांतून शिकलो नाही. सुमारे दहा वर्षांपूर्वी १७ वर्षांखालील मुलांच्या निवड चाचणीत मी निवड समितीवर होतो. अकरा जण ठरले होते आणि एका जागेसाठी दोन मुले उरली होती. एक शहरातला, सडपातळ, धावत येऊन रिंगला हात लावणारा. त्याने रिंगला हात लावला की भिंतीवर बसलेली मुले शिट्ट्या मारत. दुसरा यावल तालुक्यातल्या खेड्यातला, उंचीने जवळपास तेवढाच, पण खांदे रुंद, उडी कमी आणि शटल रनमध्ये शेवटून तिसरा. त्याच्या नावापुढे मी ‘पायांत जड’ असे लिहिले आणि पहिल्या मुलाला घेतले. विभागीय स्पर्धेत तो पहिला मुलगा समोरच्याच्या प्रत्येक हुलकावणीला उडी मारत गेला आणि तिसऱ्या सत्रातच पाच फाउल होऊन बाहेर बसला. त्याचा दोष मी मानत नाही. त्याच्या उडीचे कौतुक आम्हीच करत आलो होतो, तर तो उडी मारणार नाही तर काय करणार?

तीन वर्षांनी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मला तो दुसरा मुलगा दिसला. तो प्रतिस्पर्धी संघात होता आणि आमच्या मुलांना रिंगखालून हलवता येत नव्हता. पाठीला धक्का बसला तरी त्याचे पाऊल सरकत नव्हते. चेंडू बोर्डावरून येण्याआधीच तो योग्य जागी उभा असे, आणि त्याची उडी फार तर एक-दीड फूट असेल, पण तीच तो लागोपाठ तीनदा मारत असे. सामना संपल्यावर मी त्याला गाठले आणि ही ताकद कुठून आली ते विचारले. तो म्हणाला, “सर, आम्ही दुसऱ्यांच्या मळ्यात केळी कापायला जातो. खांद्यावर घड घेऊन ओल्या सरीतून ट्रकपर्यंत जायचे, तर पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे आधीच ठरवावे लागते. घसरलो तर घड जातो आणि मालक पैसे कापतो.” वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर, खाली चिखल, आणि दिवसात शेकडो फेऱ्या. कंबर, पुठ्ठे आणि तोल यांचे त्याहून चांगले प्रशिक्षण मला माझ्या मैदानावर देता आले नसते, आणि मी त्याच्या नावापुढे ‘पायांत जड’ असे लिहिले होते. मी त्याला सांगितले की त्या वर्षी चूक माझी झाली होती. तो नुसता हसला आणि पाया पडला, त्याने मला अधिकच वाईट वाटले.

शरीर असेल तर कौशल्य शिकवता येते, कौशल्य असेल तर शरीर देता येत नाही, असा एक युक्तिवाद ड्राफ्टच्या वेळी हमखास ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. सॅन डिएगो स्टेटचा कवाय लेनर्ड २०११ साली पंधरावा गेला. त्याचे हात अवाढव्य, पल्ला सव्वासात फुटांच्या घरात, पण कॉलेजात तीन गुणांच्या फेकींपैकी शेकडा २५ च बास्केटमध्ये जात. सॅन अँटोनिओच्या प्रशिक्षकांनी त्याची फेक बदलली आणि तो दोनदा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू झाला. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, केंटकीचा मायकेल किड-गिलख्रिस्ट दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याचेही शरीर उत्तम, डिफेन्स त्याहून उत्तम, आणि कॉलेजातले तीन गुणांचे प्रमाण लेनर्डसारखेच शेकडा २५ च्या आसपास. त्याच्या फेकीवरही प्रशिक्षकांनी पुष्कळ मेहनत घेतली, तरी ती कधी विश्वासाची झाली नाही आणि मोकळा सोडला तरी चालतो असा तो खेळाडू ठरला. कागदावर दोघांचे आकडे सारखे होते. म्हणून ‘शरीर आहे, बाकी शिकवू’ असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की याचा हात शिकणारा आहे असे तुम्हाला कशावरून वाटते. चेंडू सोडताना कोपर कुठे आहे, मनगट मऊ आहे की ताठ, एकाच जागेवरून दहा वेळा फेकले तर दहाही वेळा हालचाल तीच होते का, हे पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही.

आपल्याकडे या सगळ्या चर्चेच्या जागी एकच शब्द असतो, तो म्हणजे उंची. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग २०१५ साली डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला, तेव्हा आमच्या मैदानावर पेढे वाटले गेले होते. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतातला पहिला खेळाडू. तो कॉलेजातून आला नव्हता, फ्लोरिडाच्या अकादमीत घडला होता आणि सात फूट दोन इंच उंच होता. त्याला एनबीएत सामना खेळायला मिळाला नाही. त्याची मेहनत मी कमी लेखत नाही, पण नेमक्या त्याच वर्षांत सेंटरने रेषेपर्यंत बाहेर येऊन गार्डला अडवावे अशी अपेक्षा खेळात रुजत होती, आणि नुसत्या उंचीचे दिवस मावळत होते. पर्ड्यूचा सात फूट चार इंचांचा झॅक एडी २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी तो नववा गेला, यामागेही त्याच्या पायांबद्दलची शंकाच होती. आणि शरीर कितीही देखणे असले तरी ते टिकले पाहिजे, हे ड्युरंटच्या आधी पहिला गेलेल्या ग्रेग ओडनने दुर्दैवाने दाखवले. गुडघ्यांनी साथ न दिल्यामुळे त्याला एनबीएत सगळे मिळून १०५ सामने खेळता आले.

उडीला किती मोल द्यावे, हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातून निघालेला प्रश्न तरीही उरतो. माझे उत्तर खेळाडूच्या जागेप्रमाणे बदलते. चेंडू ज्याच्या हातात असणार आहे, ज्याला पास दिसतो आणि ज्याची फेक खात्रीची आहे, अशा गार्डची उडी मी जवळजवळ पाहणारच नाही, मात्र त्याचे थांबणे आणि वळणे बारकाईने पाहीन. ज्याला चेंडू फारसा मिळणार नाही आणि ज्याचे काम समोरच्या सर्वोत्तम खेळाडूला अडवण्याचे आहे, त्याच्या बाबतीत आडवी चपळाई आणि हातांचा पल्ला यांना मी निम्म्याहून अधिक वजन देईन, कारण ते नसेल तर त्याच्याकडे द्यायला दुसरे काही उरत नाही. सेंटरची दुसरी उडी पाहीन. आणि वयाचा हिशेब सगळ्यांना लावीन. एकोणीस वर्षांचा मुलगा अजून भरायचा असतो, पण बावीस-तेवीस वर्षांचा चौथ्या वर्षाचा खेळाडू जर अठरा वर्षांच्या पोरांवर नुसत्या अंगबळाने मात करत असेल, तर एनबीएत पहिल्याच दिवशी त्याची ती मात संपते.

येत्या ऑगस्टमध्ये आमची निवड चाचणी आहे. या वेळी मी क्रम बदलून घेतला आहे. आधी मुलांना पाच-पाच जणांचे सामने खेळायला लावायचे, त्यांत स्टील, ब्लॉक आणि दुसऱ्या उडीत घेतलेले रिबाउंड, म्हणजे फेक चुकून परत आलेले चेंडू, मोजायला दोन जुने विद्यार्थी वही घेऊन बसतील. उडी मोजण्याचा फळा भिंतीवरून काढलेला नाही. फक्त तो शेवटी, मुले दमल्यावर वापरायचा आहे, आणि प्रत्येकाने उडी एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा मारायची आहे.